स्नायूंचे बळ आणि ट्रॉम्बेचे स्फुरद

शेतीची अवजारे बदलली, यंत्रे आली, तरी शेतातील पुष्कळशी कामे आजही स्नायूंच्या बळावरच होतात. वखर ओढणारा बैल, भाताची लावणी करणारी स्त्री, खताचे पोते खांद्यावर घेणारा गडी, या सर्वांच्या शरीरात एकच क्रिया चाललेली असते. स्नायू आखडतो, सैल होतो आणि पुन्हा आखडतो. यास लागणारे बळ खाण्यातून येते एवढे सर्वांस ठाऊक असते. परंतु दावणीला खाल्लेला कडबा कोणत्या वाटेने खांद्यातील बळ होऊन प्रकट होतो, हे ठाऊक नसल्यामुळे दोन चुका वारंवार घडतात. थकलेल्या बैलास हट्टी समजून मारले जाते; आणि पोटभर चारा मिळूनही एखादे जनावर क्षीण का होत जाते याचा उलगडा होत नाही.

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे स्नायूच्या आतील व्यवहारात सापडतात. त्या व्यवहारात एका द्रव्याचे महत्त्व विशेष आहे. ते शेतकऱ्यांच्या पूर्ण परिचयाचे असून त्याचे नाव स्फुरद हे होय.

स्नायू आखडतो म्हणजे काय होते?

स्नायू हा बारीक तंतूंचा जुडगा असतो. प्रत्येक तंतूच्या आत त्याहूनही सूक्ष्म असे दोन प्रकारचे धागे एकाआड एक मांडलेले असतात. जाड धागे मायोसिन नावाच्या प्रथिनाचे व पातळ धागे मुख्यतः ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे असतात. स्नायू आखडताना हे धागे स्वतः आखूड होत नाहीत. ते एकमेकांवरून सरकतात. ही गोष्ट अँड्र्यू हक्सली व रॉल्फ नीडरगेर्के यांनी आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे ह्यू हक्सली व जीन हॅन्सन यांनी १९५४ साली दाखवून दिली.

विहिरीतून घागर शेंदणाऱ्या माणसाच्या हातांकडे पाहिल्यास ही क्रिया सहज ध्यानात येईल. एक हात दोर धरतो, ओढतो, सोडतो आणि पुढे जाऊन पुन्हा धरतो. जाड धाग्यावर असे असंख्य सूक्ष्म हात असतात. मेंदूकडून मज्जातंतूंद्वारा आज्ञा येताच स्नायुतंतूत कॅल्शियम मोकळे होते, पातळ धाग्यावरील पकडीच्या जागा उघड्या पडतात आणि हे हात ओढू लागतात. एका हाताच्या प्रत्येक ओढीस एका विशिष्ट पदार्थाचा एक कण खर्ची पडतो. या पदार्थाचे नाव ॲडेनोसीन ट्रायफॉस्फेट असे असून संक्षेपाने त्यास ए.टी.पी. म्हणतात.

ए.टी.पी.च्या कणात स्फुरदयुक्त असे तीन गट साखळीसारखे जोडलेले असतात. त्यांपैकी शेवटचा गट सुटा होताना जी ऊर्जा मिळते, तिच्यावर स्नायूचे काम चालते. बैल असो, मनुष्य असो वा मासा असो, स्नायूचे हे चलन एकच आहे.

क्रिएटिन फॉस्फेट या स्नायूतील दुसऱ्या स्फुरदयुक्त पदार्थाचा शोध सायरस फिस्के यांच्यासमवेत यल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाने १९२७ साली प्रसिद्ध केला, ही अभिमानाची गोष्ट होय. सुब्बाराव यांचा जन्म १८९५ साली आंध्रातील भीमवरम येथे झाला होता व हे संशोधन त्यांनी अमेरिकेत हार्वर्ड येथे केले. १९२९ साली याच दोघांनी व जर्मनीत कार्ल लोहमान यांनी स्वतंत्रपणे ए.टी.पी. स्नायूतून वेगळे केले. तोपर्यंत स्नायूचे बळ दुग्धाम्लापासून येते अशी समजूत होती. १९३० साली लुंड्सगार्ड यांनी दुग्धाम्ल तयार होऊ न देताही स्नायू काही काळ आखडतो हे दाखविले आणि ती समजूत मागे पडली.

ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातील एक परिचित गोष्ट

ए.टी.पी. केवळ ओढण्यासाठीच लागते असे नाही. धरलेली पकड सोडण्यासाठीही ते लागते. याचा पुरावा मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यात किंवा कोणत्याही मासळीबाजारात पाहावयास मिळतो. मासा मेल्यानंतर प्रथम लवचीक असतो. काही काळाने तो काठीसारखा ताठ होतो. मृत शरीरात नवे ए.टी.पी. तयार होणे थांबते. होते तेवढे संपले की सूक्ष्म हातांनी धरलेली पकड सुटू शकत नाही आणि स्नायू जखडून राहतो. पुढे प्रथिनांचे विघटन सुरू झाल्यावरच तो पुन्हा मऊ पडतो.

जाळ्यात फार वेळ तडफडलेला मासा लवकर ताठरतो, कारण त्याच्या स्नायूतील इंधनाचा साठा मरणापूर्वीच खर्च झालेला असतो. मासळी ताबडतोब बर्फात ठेवल्याने या सर्व क्रिया मंदावतात. तात्पर्य, स्नायूचे आखडणे व सैल होणे या दोन्ही गोष्टींस ए.टी.पी. सतत हाती असावे लागते.

कनवटीचा पैसा, कणगी आणि पेव

मनुष्याच्या शरीरात कोणत्याही क्षणी असलेले ए.टी.पी. सुमारे ५० ते १०० ग्रॅमच भरते. परंतु ते अखंड मोडले जाते व पुन्हा घडविले जाते. दिवसभरात अशा रीतीने घडलेल्या ए.टी.पी.ची बेरीज केल्यास ती जवळजवळ शरीराच्या वजनाएवढी होते. जोराच्या कामात स्नायूतील तयार ए.टी.पी. दोन-तीन सेकंदांपुरतेच असते. यास्तव ते भरून काढण्याची शरीराची व्यवस्था तीन टप्प्यांची आहे.

पहिला टप्पा क्रिएटिन फॉस्फेटचा होय. हा कनवटीचा पैसा समजावा. ए.टी.पी.मधून एक गट सुटताच क्रिएटिन फॉस्फेट आपला गट देऊन ते तत्काळ पूर्ववत करते. चिखलात रुतलेली गाडी उपसण्यासाठी बैल जो पहिला झटका देतात, तो याच्या जोरावर. मात्र पूर्ण जोराच्या कामात हा साठा सुमारे दहा सेकंदांत बहुतांशी संपतो.

दुसरा टप्पा ग्लायकोजेनचा होय. ही घरातील कणगी समजावी. ग्लायकोजेन म्हणजे स्नायूत व यकृतात साठविलेली शर्करा. प्राणवायू पुरेसा पोहोचत नसतानाही स्नायू ती अर्धवट मोडून ए.टी.पी. तयार करू शकतो. हे काम झपाट्याने होते, परंतु महाग पडते. द्राक्षशर्करेच्या एका कणापासून या मार्गाने ए.टी.पी.चे दोनच कण हाती येतात आणि दुग्धाम्ल तयार होते. अत्यंत जोराचे काम या आधारावर एक-दोन मिनिटेच चालते.

तिसरा टप्पा प्राणवायूच्या साहाय्याने होणाऱ्या ज्वलनाचा होय. येथे कणगीतील शर्करा आणि पेवातील धान्याप्रमाणे शरीरात साठविलेली चरबी ही दोन्ही उपयोगी पडतात. स्नायुतंतूतील तंतुकणिका नावाच्या सूक्ष्म भागांत हे इंधन पूर्णपणे जळते. शर्करेच्या त्याच एका कणापासून आता ए.टी.पी.चे सुमारे ३० ते ३२ कण मिळतात. काम सावकाश होते, पण तासन्‌तास चालू राहते. पेव भरलेले असले तरी धान्य बाजारात नेल्याविना रोकड हाती येत नाही. त्याचप्रमाणे शरीरात चरबी कितीही असली तरी प्राणवायू व वेळ यांविना तिचे ए.टी.पी. होत नाही.

थकवा म्हणजे हट्ट नव्हे

ओढ वाढली की स्नायूची मागणी प्राणवायूच्या पुरवठ्यापेक्षा अधिक होते. मग कनवट रिकामी होते, कणगी झपाट्याने उपसली जाते, स्नायूत आम्लता वाढते आणि सुटे झालेले स्फुरदगट साचून पकडीचा जोर कमी करतात. जनावर उभे राहते. अशा वेळी चाबूक वा पराणी यांनी ए.टी.पी. निर्माण होत नाही. क्षणभर जनावर पुढे सरकते, परंतु ते उरलासुरला साठा खर्चूनच.

विश्रांती मिळताच प्राणवायूच्या आधारे क्रिएटिन फॉस्फेटचा साठा तीन ते पाच मिनिटांत बहुतांशी पूर्ववत होतो. तयार झालेले दुग्धाम्ल शरीर वाया घालवीत नाही. हृदय व इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात आणि यकृत त्यापासून पुन्हा शर्करा करते. फार कष्टाच्या कामानंतर दुसऱ्या दिवशी अंग दुखते ते दुग्धाम्लामुळे, ही समजूत चुकीची आहे. ते दुखणे मुख्यतः स्नायुतंतूंना झालेल्या बारीक इजांचे असते. ग्लायकोजेनची कणगी भरण्यास मात्र एक दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागतो. रवंथ करणाऱ्या जनावरांत हा काळ मनुष्याच्या मानाने लांबतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. इंधनातील ऊर्जेपैकी सुमारे पाचवा ते चौथा हिस्साच ओढीच्या कामी येतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. औताला जुंपलेला बैल म्हणजे एक प्रकारे पेटती भट्टीच होय. ही उष्णता घाम व श्वास यांवाटे बाहेर टाकण्यास त्याला पाणी व सावली लागते. भर दुपारी बाहेरची हवाच तापलेली असल्याने ती बाहेर पडत नाही आणि जनावर धापा टाकू लागते.

बैलाचे इंधन कोठीपोटात तयार होते

मनुष्य भाकरी खातो तेव्हा तिच्यातील पिठूळ द्रव्याची शर्करा होऊन ती रक्तात उतरते. बैलाचे तसे नाही. त्याने खाल्लेला चारा प्रथम कोठीपोटात जातो. तेथे असंख्य सूक्ष्म जीव तो आंबवितात आणि त्यापासून ॲसेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही आम्ले तयार होतात. ती कोठीपोटातूनच रक्तात जातात आणि बैलाच्या ऊर्जेचा मोठा भाग त्यांच्यापासून येतो. प्रोपिऑनिक आम्लापासून यकृत शर्करा बनविते.

या सर्व क्रियांस वेळ लागतो. म्हणून जुंपण्याच्या ऐन वेळी घातलेल्या वैरणीचे बळ त्या कामात मिळत नाही. आदल्या सायंकाळी व रात्री खाऊन निवांत रवंथ केलेली वैरण सकाळी उपयोगी पडते. रवंथीस पुरेसा अवधी न देणे म्हणजे इंधन देऊनही ते वापरू न देणे होय.

शेतावर काम करणाऱ्या माणसांच्या बाबतीत गूळ-शेंगदाण्यांची जुनी रीत शास्त्रास धरूनच आहे. गुळातील साखर लवकर रक्तात येऊन कणगीस हातभार लावते. शेंगदाण्याच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग तेलाचा असतो. ते सावकाश जळून दीर्घकाळ पुरते, आणि त्यासोबत स्नायूंच्या डागडुजीस लागणारी प्रथिनेही मिळतात. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणांच्या साहाय्याने भुईमुगाचे अनेक सुधारित वाण तयार करण्यात आले असून त्यांपैकी 'टीएजी-२४' हा वाण १९९१ साली प्रसृत झाला.

ट्रॉम्बेचे स्फुरद स्नायूपर्यंत कसे पोहोचते?

चारा हे इंधन झाले. परंतु त्या इंधनाची ऊर्जा ज्या ए.टी.पी.त भरावयाची, ते स्फुरदाविना घडूच शकत नाही. शरीर स्फुरद स्वतः निर्माण करू शकत नाही. ते जमिनीतून पिकात व पिकातून जनावरात यावे लागते.

ट्रॉम्बे येथील खत कारखान्यात १९६५ साली उत्पादन सुरू झाले. १९७८ पासून तो राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या सरकारी कंपनीकडे आहे. येथे खनिज फॉस्फेटवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून नत्र व स्फुरद ही दोन्ही असलेले खत तयार केले जाते; 'सुफला' या नावाने ते गावोगावी परिचित आहे. १५:१५:१५ प्रतीच्या ५० किलोच्या पोत्यात साडेसात किलो स्फुरद असते असे म्हणतात, ते ऑक्साइडच्या रूपात मोजलेले असते. मूळ स्फुरद त्यात सुमारे सव्वातीन किलो भरते.

पोत्यातील स्फुरद पिकात किती जाते हे डोळ्यांना दिसत नाही. त्याचा माग काढण्याचे साधनही ट्रॉम्बे येथे तयार झाले. १९५४ साली तेथे अणुशक्ती संस्थेची स्थापना झाली व ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही अणुभट्टी प्रथम कार्यान्वित झाली. १९६७ साली या संस्थेस डॉ. होमी भाभा यांचे नाव देण्यात आले. ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्यांतून किरणोत्सर्गी स्फुरद-३२ मिळू लागले. त्याचे किरण मोजता येत असल्यामुळे, खतात ते मिसळले असता पिकाने खतातील स्फुरद किती घेतले व जमिनीतील किती घेतले हे वेगळे सांगता येते. सुमारे १४ दिवसांत त्याचे किरणोत्सर्जन निम्म्यावर येते.

याच प्रकारचे स्फुरद वापरून हेवेशी व त्यांच्या सहकाऱ्याने १९३५ साली कोपनहेगन येथे उंदरांवर प्रयोग केले होते. शरीरातील स्फुरद एका जागी पडून राहत नाही, हाडांतील स्फुरदही सतत बदलत असते, असे त्यांत आढळून आले. शरीरातील सुमारे ८५ टक्के स्फुरद हाडांत असते. आहारात ते कमी पडले की शरीर हाडांतून ते उचलते, आणि ही उचल फार काळ चालली की जनावर खंगू लागते.

ज्या जमिनीत उपलब्ध स्फुरद कमी, तेथील चाऱ्यातही ते कमी असते. पक्व होऊन वाळलेल्या गवतात व भाताच्या पेंढ्यात ते आणखी कमी उरते. पोट भरते, पण गरज भागत नाही. अशी जनावरे हाडे, चिंध्या, माती चघळू लागतात; त्यांची भूक मंदावते, चाल आखडते, गाई वेळेवर माजावर येत नाहीत. मेलेल्या जनावराची हाडे चघळल्याने प्राणघातक विषबाधा होण्याचा धोका असतो. स्फुरदाच्या तीव्र उणिवेत, विशेषतः म्हशींमध्ये विण्याच्या सुमारास, रक्तपेशींना ए.टी.पी. कमी पडून त्या फुटतात व लघवी लाल होते. लाल लघवीची इतरही कारणे असल्यामुळे अशा वेळी पशुवैद्यकास तत्काळ बोलवावे.

गव्हाचा कोंडा व तेलबियांची पेंड यांत स्फुरद चांगले असते. त्यांच्या जोडीस मोठ्या जनावरास रोज सुमारे ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे. येथे एक इशारा आवश्यक आहे. सुफला किंवा अन्य कोणतेही रासायनिक खत जनावरास कदापि खाऊ घालू नये. खताचे स्फुरद जमिनीला द्यावयाचे, जनावराला ते चारा व खनिज मिश्रण यांतूनच मिळावयास हवे. खताची पोती, सांडलेले खत व खत कालवलेले पाणी जनावरांच्या तोंडी लागणार नाही अशी काळजी घ्यावी.

आचरणात आणावयाच्या गोष्टी

१. बैलाची सततची ओढ त्याच्या वजनाच्या सुमारे दशांशाच्या आत ठेवावी. ४०० किलो वजनाच्या बैलास ही मर्यादा सुमारे ४० किलो होते. औत जड जात असल्यास खोली कमी करावी.

२. तास संपल्यावर वळणाच्या जागी थोडे थांबावे. जड कामात तीन ते पाच मिनिटांचा विसावा वरचेवर द्यावा.

३. काम सकाळी व सायंकाळी करावे. ओढीच्या व ओझ्याच्या जनावरांसंबंधीच्या १९६५ च्या नियमांनुसार गाडी वा ओझे यांसाठी जनावरास दिवसातून एकूण ९ तासांहून अधिक, अथवा विसाव्यावाचून सलग ५ तासांहून अधिक राबविता येत नाही. तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर असल्यास दुपारी १२ ते ३ या वेळात त्यास जुंपता येत नाही. टोकदार आरीच्या काठीचा वापरही निषिद्ध आहे.

४. मुख्य वैरण सायंकाळी घालावी, रवंथीस स्वस्थता द्यावी आणि दिवसातून अनेक वेळा स्वच्छ पाणी पाजावे.

५. माती परीक्षण करून चाऱ्याच्या पिकासही शिफारशीप्रमाणे स्फुरद द्यावे.

सभेत करून दाखविण्याजोगे प्रात्यक्षिक

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एखाद्या धडधाकट तरुणास पाण्याने भरलेली लहान कळशी हात सरळ आडवा धरून उचलून ठेवण्यास सांगावे व हात खाली येईपर्यंतचा वेळ मोजावा. नंतर अर्धा मिनिट विसावा देऊन तीच क्रिया करवून घ्यावी. त्यानंतर पाच मिनिटे विसावा देऊन तिसऱ्यांदा वेळ मोजावा. अर्ध्या मिनिटाच्या विसाव्यानंतर वेळ बराच घटतो व पाच मिनिटांनंतर तो पुष्कळसा भरून येतो असे साधारणतः दिसून येईल. घट्ट आखडलेला स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या दाबतो, त्यामुळे प्राणवायू कमी पडतो व कनवट लवकर रिती होते, हे त्याचे कारण होय.

चर्चेसाठी प्रश्न

१. चढावर गाडी ओढताना बैल थोडे थांबून पुन्हा जोर का करू शकतात?

२. गावातील कोणत्या शिवारातील जनावरे हाडे वा चिंध्या चघळताना आढळतात? त्या जमिनीचे माती परीक्षण झाले आहे काय?

३. पेरणीच्या हंगामात आपल्या गावातील बैलांना रवंथीसाठी दिवसातून किती तास मिळतात?